दोन वाजताचा आकडा

“सहाजणींच्या झाल्या. आता तुझी,” म्हणत देगावकर मॅडमनी वही माझ्यापुढं सरकवली आणि वर पेन ठेवलं.

ती आमच्या रुग्णसहायक कोर्सची प्रॅक्टिकलची वही होती. वर्षभरात आम्ही हातानं काय काय केलं, त्याची त्यात यादी. रक्तदाब मोजणे, पन्नास वेळा. इंजेक्शन देणे, वीस वेळा. सलाईन लावण्यास मदत, पंधरा वेळा. प्रत्येक ओळीसमोर तारीख, पेशंटचं नाव आणि आमच्या सहीसाठी रिकामा चौकोन. तारखा आणि नावं मॅडमनी जुन्या रजिस्टरातून उतरवून घेतली होती. अक्षर महानंदाचं होतं, कारण आम्हा सातजणींत तिचंच अक्षर वळणदार.

मी पानं उलटली. माझ्या नावापुढं पन्नास बीपी होती. खरं सांगायचं तर बीपीचं मशीन मी तोवर दोनदा हातात धरलं होतं, तेही एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवायला.

“मॅडम, मी यातलं काहीच केलेलं नाही,” मी म्हणाले.

“कुणीच केलेलं नाही,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “उद्या परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार. वही पूर्ण नसली तर परीक्षेला बसता येत नाही. कर.”

“नाही करणार.”

चादरी ठेवायची ती खोली. घड्या घालत बसलेल्या बाकीच्या मुलींचे हात थांबले. मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“कनका गाजूल, तुला कळतंय का तू काय बोलतीयस? वर्ष घालवलंस इथं.”

“वर्षभर फरशी पुसली, मॅडम. बेडपॅन धुतले. चादरी बदलल्या. ते लिहा, लगेच सही करते.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमच्या गालावर लाली चढली. त्या वाईट बाई नव्हत्या. ट्रस्टच्या हॉस्पिटलात तीन वॉर्डांना मिळून चार सिस्टर होत्या, कोर्सच्या मुली नसत्या तर वॉर्ड चालला नसता, आणि आम्हाला शिकवायला कुणाला वेळ नव्हता. हे सगळं त्यांनाही माहीत होतं. पण परीक्षा पार पाडायची जबाबदारी त्यांच्यावर होती.

“कारण सांग,” त्या म्हणाल्या. “एवढं अंगावर घ्यायला काहीतरी कारण असेल ना?”

कारण होतं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या खोलीतही मी सांगितलं नाही.

“करणार नाही, एवढंच,” मी म्हणाले.

“मग उद्या परीक्षकांनाच सांग. ते हाकलतील. माझ्या जिवाला घोर नको.” वही उचलून त्या गेल्या.

दार बंद झालं तशी महानंदा माझ्या अंगावरच आली. महानंदा बिराजदार, माझी जिवाभावाची मैत्रीण. जूनपासून आम्ही एका डब्यात जेवत होतो.

“काय लावलंयस बे तू हे? परीक्षकांनी वही बघितली आणि एकीची रिकामी दिसली, तर बाकीच्या सहाजणींचीपण चौकशी होणार. कळतंय का?”

“कळतंय.”

“पुण्याच्या नर्सिंग होमनं मला एक तारखेला बोलावलंय. सर्टिफिकेट घेऊन. घरात मला काय काय ऐकून घ्यावं लागलं, तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

मी घडी घालायला पुढची चादर ओढली. मग खाली पडलेली चादर उचलून तिनं घडी घातली, ती माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, “तू खरी, आम्ही खोट्या. बरंय.”

आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. संध्याकाळी गेले तेव्हा अम्मा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. आम्ही घरात तेलुगू बोलतो, इथं मराठीत सांगते. अम्माला मी सगळं सांगितलं. म्हणजे सहीचं सांगितलं, कारणाचं नाही. तिचे हात थांबले नाहीत. पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा, वळ, दोरा.

“काढून टाकतील तुला,” ती म्हणाली.

“टाकू दे.”

“मग विड्या वळायला बसशील माझ्याशेजारी. चालेल?”

“चालेल.”

“मला नाही चालणार,” अम्मा म्हणाली. “माझ्या पाठीचा कणा वाकला तो तू सूप हातात धरू नयेस म्हणून. एक सही. काय जातं तुझं?”

मी तिच्यासमोर बसले आणि नुसतीच पानं कातरायला लागले. तिनं कात्री माझ्या हातातून काढून घेतली. सकाळी मी निघाले तेव्हा ती बोलली नाही. डबाही दिला नाही.

परीक्षक म्हणून केदारी सिस्टर आल्या होत्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या. पांढरी सुती साडी, केस कापलेले, पायात कापडी बूट. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी स्वतःच खिडकी उघडली. म्हणाल्या, “एवढ्या उकाड्यात पेशंट बरा होईल का?”

टेबलाशेजारी कॉटवर सायबण्णा मामा आडवे झाले होते. हे हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातले. परीक्षेला पेशंट म्हणून त्यांनाच ठरवलं होतं, कारण खरा पेशंट काही बोलून बसला तर काय घ्या. आदल्या दिवशीच मॅडमनी आम्हाला सांगून ठेवलं होतं : मामांचं बीपी एकशे तीस, ऐंशी. पट्टा बांधायचा, फुगवायचा, हवा सोडायची, आणि म्हणायचं एकशे तीस, ऐंशी.

केदारी सिस्टरनी सातही वह्या चाळल्या. माझ्या वहीशी थांबल्या.

“गाजूल कोण?”

मी उभी राहिले.

“सह्या नाहीत.”

“मी यातलं केलेलं नाही, सिस्टर.”

मॅडम पुढं झाल्या. “ती जरा हट्टी आहे. घरचा काहीतरी ताण आहे. मी म्हटलं—”

“मी तिला विचारलंय,” केदारी सिस्टर म्हणाल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. मग वही बाजूला ठेवली. “बस खाली. नंबर येईल तेव्हा ये.”

हाकललं नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण आता सगळ्यांसमोर ते मशीन हातात घ्यायचं होतं.

सिस्टरनी आपल्या पिशवीतून स्वतःचा स्टेथोस्कोप काढला. “याच्यानं घ्या,” म्हणाल्या, “तुमचा किती जुना आहे कोण जाणे.” आणि तो मशीनशेजारी ठेवला.

पहिली मुलगी गेली. तिला पट्टा बांधायला जमेना. मामांनीच दंड जरा उचलून तिला मदत केली. फुगवलं, सोडलं. “एकशे तीस, ऐंशी.” सिस्टरनी कागदावर काहीतरी लिहिलं. दुसरी गेली. “एकशे तीस, ऐंशी.” तिसरी तर कानात नळ्या घालतानाच म्हणून मोकळी झाली. चौथीनं मात्र जरा थांबून, भुवया आक्रसून, जणू खूप लांबून काही ऐकू येतंय असा चेहरा करून सांगितलं. “एकशे तीस. ऐंशी.”

पाचवी मी.

पट्टा कसा बांधायचा ते मला माहीत होतं. गेले चार महिने वॉर्डात सिस्टर बीपी घेत असल्या की मी बादली खाली ठेवून बघत उभी राहायचे. कोपराच्या वर दोन बोटं. फार घट्ट नाही, फार सैल नाही. कोपराच्या आतल्या बाजूला नाडी लागते तिथं स्टेथोस्कोपची चकती. मी चकती ठेवली, फुगवलं, आणि हळूहळू हवा सोडायला लागले. पारा खाली येत होता. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे साठ. कानात काही नाही. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. एकशे वीस. शंभर. काही नाही. पारा तळाला गेला.

“सांग,” सिस्टर म्हणाल्या.

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. मॅडमचे ओठ हलले. त्या मला आकडा सांगत होत्या. मला तो पाठ होता.

“मला ऐकू आलं नाही, सिस्टर.”

“परत घे.”

परत घेतलं. चकती जरा आत सरकवली, जरा बाहेर. घाम डोळ्यांत उतरला. काही नाही.

“काय आलं?”

“काहीच नाही आलं.”

“तुझ्या आधी चौघींना आलं.”

“त्यांना येत असेल. मला नाही आलं. मी शिकले नाही, सिस्टर, मला कुणी शिकवलं नाही. आकडा मला पाठ आहे, तो हवा तर सांगते. पण तो यांच्या हातातला नाही.”

“बस,” सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नाही, लोभ नाही.

सहावी महानंदा. माझ्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली. तिनं पट्टा छान बांधला. तिचे हात मुळातच नीटनेटके. नळ्या कानात घातल्या, हवा सोडली, आणि पारा अर्ध्यावर असताना मला तिचा चेहरा दिसला. तिलाही काही ऐकू येत नव्हतं. तिनं मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं. मग सिस्टरकडं वळून म्हणाली,

“एकशे तीस, ऐंशी.”

सातवीनंही तेच सांगितलं.

केदारी सिस्टर उठल्या. स्टेथोस्कोप हातात घेतला आणि चकतीच्या मागचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला. कट् असा आवाज आला.

“हे डोकं दोन्हीकडं फिरतं,” त्या म्हणाल्या. “उलटं फिरवून ठेवलं की या बाजूनं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ज्यानं एकदा तरी खरंखुरं बीपी घेतलंय, त्याला हे लगेच कळतं. बोटानं चकतीवर टकटक करून बघतो तो. मी मुद्दाम फिरवून ठेवलं होतं.”

मॅडमनी परत चष्मा काढून पुसला.

सिस्टर मामांच्या शेजारी बसल्या. स्वतः पट्टा बांधला. हवा सोडताना त्यांचा चेहरा बदलला. परत एकदा घेतलं.

“मामा, डोकं दुखतं का तुमचं?”

“रोजच दुखतंय की ओ,” सायबण्णा मामा म्हणाले. “सोड्याच्या वासानं दुखतंय म्हणतो मी.”

“सोड्यानं नाही. एकशे ऐंशी, एकशे दहा आहे तुमचं. आज, आत्ता डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही.”

मामा उठून बसले आणि आम्हा सातजणींकडं आळीपाळीनं बघायला लागले. मी खाली बघितलं.

निकाल तिथंच लागला. सातहीजणी नापास. मीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, “हिनं तरी खरं सांगितलं, हिला—” त्यावर सिस्टर म्हणाल्या, “खरं सांगितलं म्हणून बीपी घेता येत नाही, बाई. हिच्या हाताखाली तुमची आई झोपवाल का तुम्ही?”

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. केदारी सिस्टरनी अहवाल दिला. ट्रस्टला तीन महिने कोर्स वाढवावा लागला आणि शिकवायला एक निवृत्त सिस्टर नेमावी लागली. मला काढायचा एक प्रयत्न झाला, शिस्तीचं कारण दाखवून. पण अहवालात सात नावं होती आणि फेरपरीक्षेला सातहीजणी हजर पाहिजेत असं लिहिलं होतं. मी रोज जाऊन पहिल्या बाकावर बसायचे. शेजारी कुणी बसायचं नाही. तीन महिने मी एकटी जेवले. महानंदाची पुण्याची जागा गेली. पुढं तिला लातुरात चांगलं काम मिळालं, लग्न तिथंच झालं. मला पत्रिका आली नाही. फेरपरीक्षेत आम्ही सातहीजणी पास झालो आणि त्या दिवशी एकमेकींचं खरं बीपी घेतलं होतं. हात पुढं करताना महानंदानं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या कानात तिच्या रक्ताचा ठोका पडत होता आणि ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

पण मला सांगायचंय ते पहिल्या परीक्षेच्या दिवसाचं. त्या दिवशी दुपारचं.

निकालानंतर मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले होते. केदारी सिस्टर रिक्षाची वाट बघत खाली उभ्या राहिल्या. मागं न बघताच म्हणाल्या, “नुसतं खरं बोलायचं म्हणून कुणी एक वर्ष पणाला लावत नाही. काय झालं होतं?”

मग मी सांगितलं. तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं ते.

माघ महिना होता. बाळंतिणींच्या वॉर्डात माझी ड्युटी. नऊ नंबरच्या कॉटवर शिवलीला कोरे नावाची मुलगी होती. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. सकाळी नऊला बाळंत झालेली, मुलगी झालेली. दर अर्ध्या तासानं तिचं बीपी बघून तक्त्यावर लिहायचं होतं. बारा वाजता वॉर्डच्या सिस्टरनी घेतलं, एकशे दहा, सत्तर. मग सिस्टरना ऑपरेशनला बोलावलं. जाताना म्हणाल्या, “कनका, तक्ता भरत राहा गं. वरच्यासारखंच लिही.”

मी लिहिलं. साडेबारा, एकशे दहा, सत्तर. एक वाजता, एकशे दहा, सत्तर. दीड. दोन. माझं अक्षर काही महानंदासारखं नाही, पण त्या दिवशी मी छान काढलं होतं. पहिल्यांदा कुणीतरी मला बादली सोडून पेन दिलं होतं.

दोननंतर मला चादरी आणायला धुलाईखात्यात पाठवलं. साडेतीनला तिच्या कॉटखाली रक्त ठिबकताना बाजूच्या बाईला दिसलं. चादर वर केली तर गादीपर्यंत भिजलेली. मग धावपळ, गाडी, दुसरं मोठं हॉस्पिटल. जीव वाचला. गर्भाची पिशवी काढावी लागली.

चार दिवसांनी तिचा नवरा कागद न्यायला आला होता. मी व्हरांड्यात फरशी पुसत होते. डॉक्टरांनी त्याच्यासमोर तक्ता उघडला आणि पेनानं दाखवलं : “हे बघा, दोन वाजता बीपी अगदी उत्तम होतं. असं अचानक होतं कधीकधी. कुणाच्या हातात नसतं.” त्यानं वाकून बघितलं. माझं अक्षर. त्याला काय कळणार, त्यानं मान हलवली. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापुढं कागद होता आणि कागदावर ती बाई दोन वाजेपर्यंत ठणठणीत होती.

केदारी सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं. रिक्षा आली. त्यांनी पिशवी आत ठेवली.

“हे तू तिला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस?” त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसून गेल्या.

मी खूप वेळ तिथंच होते. तोवर मला वाटत होतं की मी काहीतरी मोठं केलंय. मॅडमसमोर उभी राहिले, मैत्रीण गमावली, आईचं ऐकलं नाही. पण त्यातलं एकही शिवलीलाच्या उपयोगाचं नव्हतं.

तिच्या गावाचं नाव मला तक्त्यावरून पाठ होतं. अक्कलकोट रस्त्याला. एसटीनं उतरून पाऊण तास चालत गेले. दुपारचे चार वाजले असतील. कोऱ्यांचं घर विचारलं तेव्हा एका बाईनं माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मकडं बघून पदर नीट केला.

शिवलीला अंगणात तुरी पाखडत होती. वाळली होती. बाजूला झोळीत मुलगी. ओट्यावर सासू बसलेली, अंगानं चांगली भरलेली म्हातारी. मला बघून शिवलीलाचा हात थांबला.

“तुम्ही दवाखान्यातल्या,” ती म्हणाली. “बसा की.”

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मग काहीच बोलता आलं नसतं.

“मला एक सांगायचंय,” मी म्हणाले. “त्या दिवशी तुमचं बीपी मी लिहिलं. साडेबारापासून दोनपर्यंत. मी ते घेतलंच नव्हतं. मला घेता येत नव्हतं. वरचा आकडा बघून खाली उतरवला. घेतलं असतं, कुणाला बोलावलं असतं, तर लवकर कळलं असतं.”

तिनं सूप खाली ठेवलं. तिला राग आला की नाही, मला समजेना. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

“मी तुम्हाला हाक मारली होती,” ती म्हणाली.

“कधी?”

“जेवणाचे डबे आल्यावर. तुम्ही ते काय ते लिहीत होता. म्हटलं, ताई, गरगरतंय. अंगाखाली ओलं लागतंय. तुम्ही म्हणालात, बीपी चांगलंय तुमचं, पडून राहा. तीनदा हाक मारली.”

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. चार महिने मी त्या दुपारचं एकेक मिनिट डोक्यात उगाळलं होतं आणि त्यात तिचा आवाज कुठंच नव्हता. पण ती खोटं कशाला बोलेल?

“मी म्हणाले असेन,” मी म्हणाले. “म्हणालेच असेन.”

ओट्यावरनं सासू म्हणाली, “काय म्हणतीय गं ती?”

शिवलीला उठली. कमरेला हात लावून, सावकाश. मला वाटलं, आता ही मला जा म्हणणार. तेवढी तयारी करूनच मी आले होते.

“आत्याबाई म्हणतात, मीच कॉटवरून उतरले म्हणून झालं,” ती मला म्हणाली, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल असा. “लघवीला उठले, जोर लागला, म्हणून पिशवी गेली. सगळ्या गावाला सांगितलंय. कुंकवाला बोलवत नाहीत मला. नवऱ्याला दुसरी बघायला लागल्यात. मी म्हणते, मी उठले नव्हते. कोण ऐकतंय?”

“तुम्ही उठला नव्हता,” मी म्हणाले. “सलाईनची नळी निघू नये म्हणून मीच तुमचा हात पट्टीनं कॉटला बांधला होता, आणि साडेतीनलाही ती पट्टी तशीच होती. तुम्ही उठलाच नव्हता.”

“हे त्यांना सांगा.”

“सांगते.”

“इथनं नाही. वर जाऊन सांगा. पहिल्यापासून. आणि थांबा जरा.” ती कुंपणापाशी गेली आणि शेजारच्या घराकडं तोंड करून तिनं हाक मारली. “गौराक्का! ओ गौराक्का, या जरा इकडं! सुनेला घेऊन या!”

मी ओट्यावर चढले. सासूसमोर उभी राहून सांगितलं. मी कोण, मला काय शिकवलं नव्हतं, मी काय लिहिलं. म्हातारी आधी माझ्यावर ओरडली. मग हॉस्पिटलवर. मग सुनेकडं न बघता पदराचं टोक चावत बसली. तोवर गौराक्का आली होती, तिची सून आली होती. शिवलीला म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं. दिवस कलताना तिचा नवरा रानातून आला, बैल बांधायच्या आधीच तिनं त्याला बोलावलं. त्यालाही सांगितलं. तक्त्यावरचं अक्षर माझं होतं हे सांगितलं. तो दाव्याला धरून उभा होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “लिहून द्याल?” मी हो म्हणाले. तसं मी दिलंही, आणि मला काढायचा तो प्रयत्न त्यापायीच झाला.

शेवटी गावातल्या दोनतीन बाया आणखी आल्या. मला शेवटची एसटी गाठायची होती. घसा कोरडा पडला होता. अजून कुणी मला पाणी विचारलं नव्हतं आणि मला मागायला तोंड नव्हतं. शिवलीला मुलीला खांद्यावर घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

“सांगा,” ती म्हणाली.

मी पाचव्यांदा सुरुवात केली. माघ महिना होता, बाळंतिणींचा वॉर्ड, सकाळी नऊला या बाळंत झाल्या. बारापर्यंत सगळं ठीक होतं. डबे आले तेव्हा यांनी मला दोनदा हाक मारली—

“दोनदा नाही,” शिवलीला म्हणाली. “तीनदा.”

“तीनदा हाक मारली,” मी म्हणाले, “आणि मी वर बघितलं नाही.”